पाटल्यांचे उदाहरण

एकतीस वर्षे मी लखनौतील मुलींच्या एका इंटर कॉलेजात अर्थशास्त्र शिकवले. दर वर्षी नव्या वर्गापुढे पहिल्याच आठवड्यात मी फळ्यावर दोन रेषा काढत असे, उभी किमतीची आणि आडवी मागणीची. मग त्यांच्यामध्ये डावीकडून उजवीकडे उतरत जाणारी तिसरी रेषा काढत असे. किंमत वाढली की मागणी घटते. मुली ते वहीत उतरवून घेत. त्यानंतर मी सांगे की या नियमाला अपवाद आहेत आणि त्यांपैकी एक म्हणजे अतिशय महागडे दागिने. काही लोक ते महाग असतात म्हणूनच घेतात. या अपवादाला मी दहा मिनिटांपेक्षा अधिक वेळ कधी दिला नाही, कारण परीक्षेत तो दोनच गुणांना येत असे.

निवृत्तीनंतर तो अपवाद नीट समजून घ्यावा असे मला वाटले. त्यातून जे घडले ते मी इथे क्रमाने लिहिते आहे. क्रम सोडला तर मी स्वतःच्या बाजूचे आधी सांगेन, एवढी मी स्वतःला ओळखते.

आमच्या शहरात मराठी कुटुंबे थोडी आहेत. कोणी रेल्वेत, कोणी केंद्र सरकारच्या कार्यालयात, कोणी संशोधन संस्थांत. माझे पती अशाच एका संस्थेतून निवृत्त झाले आणि आम्ही इंदिरा नगरमध्येच राहिलो. महिन्याच्या पहिल्या रविवारी सकाळी अलीगंजातील एका शाळेच्या सभागृहात आमचे मराठी मंडळ भरते. आधी पोहे, मग एखादे व्याख्यान, मग चहा. चहापूर्वी मंडळात प्रथमच आलेल्या नव्या मंडळींनी उभे राहून आपली ओळख करून द्यायची, अशी पद्धत आहे.

गेल्या हिवाळ्यात मंडळाच्या कार्यवाह बाईंचा मला फोन आला. "बाई, पुढच्या महिन्यात सोन्यावर बोला. सगळ्या बायकांच्या तोंडी तोच एक विषय आहे."

मी होकार दिला, पण अट घातली की पुस्तकातले बोलणार नाही; स्वतः पाहून बोलेन. ही अट मीच मला घातली होती. मला तिचा अभिमानही वाटला होता, हे नमूद करणे आवश्यक आहे.

माझी एक जुनी विद्यार्थिनी दागिन्यांच्या एका मोठ्या दालनात व्यवस्थापक आहे. या दालनात सोने तोळ्याच्या भावाने विकले जात नाही. प्रत्येक दागिन्याला कंपनीने ठरवलेली किंमत असते आणि ती कंपनी मनाला येईल तेव्हा वाढवते. त्या वर्षी दोनदा वाढवली होती आणि एक तारखेपासून तिसऱ्यांदा वाढणार होती. मी तिला विचारले की कोपऱ्यात बसून गिऱ्हाइके पाहिली तर चालेल का.

"मैम, आप बैठिए तो सही," ती म्हणाली. "चाय मैं भिजवाती रहूँगी. बस कॉपी ज़रा छुपा के रखिएगा."

वही मी लपवून ठेवली. पर्सच्या आड, मांडीवर. तीन शनिवार मी त्या दालनाच्या कोचावर बसले.

जे पाहिले त्याने मी खरोखर चकित झाले. भाववाढीविषयी मोठ्याने तक्रार करणारी माणसे परत जात नाहीत, हे माझ्या पहिल्याच शनिवारी ध्यानात आले. "यह तो लूट है भाई," असे म्हणत एका गृहस्थांनी शांतपणे कार्ड काढून दिले. जी माणसे परत जातात ती किमतीचा उच्चारही करत नाहीत. त्यांना एकाएकी हाराचा फासा कच्चा वाटू लागतो, खड्यांची चमक कमी वाटते. किंवा ती लखनवी अदबीने म्हणतात, "ज़रा घर में मशविरा कर लें," आणि विक्रेता तितक्याच अदबीने दार उघडून धरतो. घरी सल्ला घ्यायला निघालेले हे मशविऱ्याचे गिऱ्हाईक पुन्हा येत नाही, हे दोघांनाही माहीत असते. एका बाईंना विक्रेत्याने सांगितले की या हाराची किंमत गेल्या वर्षापासून तीच आहे. त्याला वाटले, त्या खूश होतील. त्यांनी हार हळूच बाजूला सारला. "जिसका दाम नहीं बढ़ा उसे कोई पूछता नहीं होगा. वह दिखाइए जिसका बढ़ा है."

हे वाक्य मी वहीत उतरवले आणि त्याखाली दोन रेघा ओढल्या. दहा मिनिटांचा माझा अपवाद माझ्यासमोर काचेच्या टेबलाशी बसला होता आणि चहा घेत होता.

तिसऱ्या शनिवारी दुपारी एक आई आणि मुलगी आल्या. आई पन्नाशीच्या आतबाहेरची, मुलगी पंचविशीची. त्या माझ्यापासून चार हातांवर बसल्या. दोन महिन्यांपूर्वी पाहून ठेवलेला एक हार त्यांनी मागवला. विक्रेत्याने तो मखमलीवर ठेवला आणि म्हणाला, "वही पीस है मैडम. बस टैग नया है."

आईने किमतीची चिठ्ठी पाहिली आणि मुलीकडे वळून मराठीत म्हणाली, "तोच आहे न? का दुसराच दाखवून राहिला?"

इथे मला थोडे थांबून एक रीत समजावून सांगितली पाहिजे, कारण माझा अपराध त्या रीतीशिवाय कळणार नाही. लखनौत आम्ही मराठी माणसे दुकानात मराठीचा उपयोग बंद दारासारखा करतो. भाव करायचा, पैसे पुरतील की नाही ते ठरवायचे, दुकानदार फसवतो आहे असे एकमेकांना सांगायचे, सारे त्याच्या तोंडावर मराठीत. मी आणि माझे पती चाळीस वर्षे हेच करत आलो. म्हणूनच एक न लिहिलेला नियम आहे: दुकानात मराठी कानावर पडली की ताबडतोब पुढे होऊन विचारायचे, "तुम्ही मराठी का?" त्यात आपले माणूस भेटल्याचा आनंद असतोच. पण त्याहून महत्त्वाचा भाग असा की, त्यामुळे समोरच्याला कळते की हे दार आता बंद नाही. मी हा प्रश्न आजवर कितीतरी लोकांना विचारला आहे.

त्या दिवशी विचारला नाही. माझ्या मांडीवर वही होती.

"वही है मम्मी," मुलगी हिंदीत म्हणाली. आमच्या बहुतेक घरांतील मुले अशीच उत्तरे देतात. "रहने दो ना. छोटा वाला ले लेते हैं."

"लहान नाही घ्यायचा. तुझ्या सासरच्या थोरल्या सुनेचा पाहिला न तू? याच दुकानातला होता."

"तो क्या हुआ? हमसे किसी ने माँगा है क्या?"

"नाही मागितला. मागितला असता तर नाही म्हणता आलं असतं." आईने आवाज खाली आणला. "अन् हिंदीत नको बोलू. त्याले समजते."

मुलगी अडखळत मराठीवर आली. "मग काय करणार तू?"

आईने उजव्या हातातील पाटली बोटाने फिरवली. दोन्ही हातांत एकेक होती, जुन्या घडणीची, रुंद, वरची नक्षी झिजून गेलेली. "ह्या देऊन टाकते."

"आजीच्या आहेत."

"आजी काय पाहाले येते आता? लग्नात वन ग्रॅमच्या घालीन. तशाच दिसतात. कोणाले काय समजते?"

"पापाला?"

"त्याइले?" आई हसली. "त्याइले तर पाटली अन् तोडा यातला फरकही माहीत नाही."

मुलगीही हसली, मनाविरुद्ध. मीही कोपऱ्यात हसले आणि लिहिले. वऱ्हाडी बोलणे जसे ऐकले तसे लिहिले, 'त्याइले' आणि 'पाहाले'सकट, कारण उद्धरण अचूक असावे असे मी मुलींना शिकवत आले होते. पुढे त्या पाटल्या उतरेनात. वर्षानुवर्षे हातात असलेला दागिना सहज निघत नाही. विक्रेत्याने वाटीत साबणाचे पाणी आणून दिले. आईने ओठ दातांखाली धरून त्या एकेक करून काढल्या. खाली दोन्ही मनगटांवर एकेक पांढरा पट्टा दिसला. हे मात्र मी वहीत लिहिले नाही. ते माझ्या विषयात बसत नव्हते.

व्याख्यानाच्या रविवारी चाळीसएक मंडळी आली होती. मी फळ्यावर माझ्या दोन रेषा काढल्या, तिसरी काढली, आणि मग ती वाकवून वर नेली. तक्रार करत कार्ड काढणारे गृहस्थ, मशविरावाले, न वाढलेल्या किमतीचा हार बाजूला सारणाऱ्या बाई यांच्याविषयी मी क्रमाने सांगितले. सभा छान रंगली. मग मी म्हणाले, "आता ज्यांना ही भाववाढ परवडत नाही, पण मागेही फिरता येत नाही, अशा घरातील उदाहरण सांगते. बाई आपल्यातल्याच होत्या." त्या क्षणी मला माझ्या अचूकपणाचा मोह पडला. मी नुसता प्रसंग सांगितला नाही, तर त्या बाईंच्या बोलीत सांगितला. हात पुढे करून पाटली फिरवूनही दाखवली. माझ्या हातात माझ्या खऱ्या पाटल्या होत्या.

"लग्नात वन ग्रॅमच्या घालीन. कोणाले काय समजते?" असे मी म्हणाले आणि सभागृहात हशा उसळला.

तेवढ्यात तिसऱ्या रांगेत, खिडकीच्या बाजूला, मला त्या दिसल्या.

त्या नव्या होत्या. मंडळात प्रथमच आल्या होत्या, म्हणून त्या दिवशी दालनात मी त्यांना ओळखले नव्हते. त्यांच्या शेजारी त्यांचे पती बसले होते, गोरे, चष्मा लावलेले, प्रसन्न चेहऱ्याचे गृहस्थ. त्या बाईंनी दोन्ही हात पदराखाली घेतले होते. चेहऱ्यावर काहीच नव्हते.

त्या क्षणी मला थांबता आले असते. खोकला काढता आला असता, घड्याळाकडे पाहून विषय आवरता आला असता. पण वाक्य रचलेले होते आणि त्याचा शेवट बाकी होता. एकतीस वर्षांत मी फळ्यापुढे वाक्य अर्धे सोडले नव्हते. मी त्यांच्याकडे पाहत असतानाच म्हणाले, "त्याइले तर पाटली अन् तोडा यातला फरकही माहीत नाही."

सगळ्यांत मोठ्याने त्यांचे पती हसले. हसता हसता त्यांनी पत्नीकडे पाहिले, तिलाही हसू आले असेल या खात्रीने. त्या हसल्या.

यानंतर मी काय बोलले ते मला आठवत नाही. फक्त टाळ्या वाजल्या हे आठवते.

मग कार्यवाह बाईंनी नव्या मंडळींना उभे राहायला सांगितले. आधी ते गृहस्थ उठले. नाव सांगितले, रेल्वेत अभियंता असल्याचे सांगितले, विकास नगरमध्ये घर घेतल्याचे सांगितले, आणि मुलीचे लग्न अलीगंजातच, या सभागृहापासून चार गल्ल्यांवर ठरल्याचेही आनंदाने सांगितले. त्यांची मराठी अनेक वर्षांच्या बदल्यांनी घासून गुळगुळीत झालेली होती. ती कोणत्या गावची ते सांगता आले नसते. मग त्या उठल्या. त्यांना तोंड उघडावे लागणार हे माझ्या तेव्हा लक्षात आले. एक वाक्य मराठीत बोलल्या असत्या तरी सभागृहातील प्रत्येकाला कळले असते.

"नमस्ते," त्या म्हणाल्या. "अभी नए आए हैं. आप सबसे मिलकर अच्छा लगा." आणि बसल्या.

"अगं, मराठीत बोल की," पती म्हणाले. "इथं तरी."

"आदत हो गई है," त्या म्हणाल्या.

चहाच्या वेळी माझ्या शेजारी कोणीतरी कुजबुजले, "दोन वर्षं उत्तरेत काढली की भाषा विसरतात बघा." सारी सभा माझे कौतुक करत होती आणि मी ते घेत होते, कारण घेतले नसते तर कारण सांगावे लागले असते.

घरी आल्यावर पतींना सारे सांगितले. त्यांनी हातातले वर्तमानपत्र घडी करून ठेवले. मग म्हणाले, "दुकानात मराठी ऐकली की पुढे होऊन बोलायचं असतं ना."

"माहीत आहे."

"नाही, म्हणजे तूच मला शिकवलंस ते. इथं आल्या आल्या."

तीन दिवस मी ठरवत होते. मुलींना मी नेहमी सांगे की चूक जिथे केली तिथेच दुरुस्त करावी, वहीच्या मागच्या पानावर नव्हे. हा नियम इथे लागू पडत नव्हता. मंडळात उभी राहून क्षमा मागावी तर ती कोणाची ते सारे विचारणार. चूक चाळीस जणांपुढे केली होती आणि दुरुस्ती एकाच माणसापुढे करता येत होती. चौथ्या दिवशी, पती कामावर गेलेले असतील अशा वेळी, मी विकास नगरला गेले. मिठाई घेतली नाही. मिठाई समोर ठेवली की माणसाला "असू द्या" म्हणावेच लागते.

दार त्यांनीच उघडले. "या," त्या म्हणाल्या. "मले वाटलंच होतं कोणीतरी येईल. तुम्ही याल असं नव्हतं वाटलं."

हात ओले होते आणि मनगटे रिकामी. स्वयंपाकघराच्या दारातून फ्रिज दिसत होता. त्यावर दोन पाटल्या ठेवलेल्या होत्या. माझी नजर तिकडे गेलेली त्यांनी पाहिली.

"पाण्यानं रंग जाते त्याइचा," त्या म्हणाल्या. "खऱ्या असत्या तर काढल्याच नसत्या. लग्नापर्यंत टिकवायच्या आहेत."

मी उभ्यानेच सांगितले की मी क्षमा मागायला आले आहे. पुढचे वाक्य तयार होते, पण त्यांनी ते पुरे होऊ दिले नाही.

"तुम्ही दुकानात होत्या का त्या दिवशी?"

"हो."

"कुठं?"

"कोचावर. खांबाशेजारी."

त्यांनी आठवून पाहिले. "चहा घेऊन राहिल्या होत्या त्या तुम्ही? मले वाटलं, मालकाची आई असेल." मग त्यांनी ओले हात पदराला पुसले. "काहून बोलल्या नाहीत, ताई? एक शब्द बोलल्या असत्या मराठीत, तर मी गप बसली असती."

याचे उत्तर माझ्याजवळ होते आणि ते देण्यासारखे नव्हते. मला उदाहरण हवे होते. मी म्हणाले, "माझी चूक झाली."

"चूक नाही झाली. चूक पाय घसरला की होते." त्या शांतपणे बोलत होत्या. "तुम्ही लिहून घेतलं."

मग त्यांनी मला बसायला सांगितले आणि स्वतः समोर बसल्या. मी विचारले, "तुमच्या यांना कळलं का?"

"त्याइले?" त्यांना हसू आले, आणि ते त्यांनाच आवडले नाही. "घरी येऊन दोनदा सांगितलं मले. काय मजेशीर गोष्ट सांगितली म्हणे बाईनं. त्या बाईच्या नवऱ्याची कमाल आहे म्हणे." त्या थांबल्या. "त्याइच्या आईच्या होत्या त्या पाटल्या. लग्न झालं की मीच सांगीन. लग्नाआधी समजलं तर ते तो हार परत करायले लावतील. अन् मुलगी ज्या घरात चालली तिथं ही गोष्ट जाऊ नये, एवढंच आहे माझं. बाकी मले काय बोलायचं ते बोला."

"मी काय करू शकते?"

"मंडळात यावं लागते मले. त्याइले फार हौस आहे. आली की बोलावं लागते. बोलली की समजते." त्यांनी बोटाने टेबलावर एक रेघ ओढली. "तुम्ही सांगा, ते उदाहरण तुम्ही रचलं होतं. बाई खरी नव्हती. मग मी कशीही बोलली तरी काही नाही."

मी लगेच हो म्हणाले नाही. हे कबूल करण्याची मला आजही लाज वाटते. त्या बाईंच्या घरात बसून, त्यांच्या फ्रिजवरच्या त्या पाटल्या दिसत असताना, माझ्या मनात पहिला विचार आला तो असा, की लोकांना वाटेल मी उदाहरणे रचते. मी आयुष्यात एकही उदाहरण रचले नव्हते. त्या माझ्याकडे पाहत होत्या आणि मी काय तोलते आहे ते त्यांना दिसत होते, असे मला वाटते.

"सांगते," मी म्हणाले.

"चहा घेता?"

"नको."

"बरं," त्या म्हणाल्या आणि आग्रह केला नाही.

हे सारे मी त्यांना विचारूनच लिहिते आहे. मुलीचे लग्न झाले, त्यांनी पतींना स्वतःच सांगितले, आणि त्यांची आता दुसऱ्या शहरात बदलीही झाली आहे. फोनवर मी परवानगी मागितली तेव्हा त्या म्हणाल्या, "लिहा. पण या खेपेला नाव, गाव बदलून लिहा." त्यांच्या सांगण्यावरून काही तपशील बदलले आहेत. त्यांच्या बोलण्याविषयी विचारले, तर म्हणाल्या, "ते राहू द्या. ते तुम्हाले चांगलं जमते." ही शाबासकी नव्हती, हे मला कळते.

त्या भेटीच्या पुढच्या महिन्यात, मंडळाच्या रविवारी, व्याख्यान सुरू होण्यापूर्वी मी दोन मिनिटे मागितली. त्या आल्या होत्या, पाचव्या रांगेत, पतींसह. मी फळ्यापाशी गेले नाही. जागेवरूनच म्हणाले, "मागच्या वेळी मी माय-लेकीचे जे उदाहरण सांगितले ते खरे नव्हते. मी ते रचले होते. ते पाहिलेले म्हणून सांगायला नको होते."

कार्यवाह बाई म्हणाल्या, "अहो, पण बाई, तुम्ही तर शब्दन् शब्द सांगितलात."

"रचलेले शब्दही सांगता येतात."

"म्हणजे मग ते बाकीचं? ते कार्डवाले वगैरे?"

"ते खरे होते."

"असं होय," त्या म्हणाल्या. मागून कोणीतरी म्हणाले, "आता काय सांगावं." काही जण हसले. मी खाली बसले. माझे कान तापले होते. मला अपमान झाल्यासारखे वाटत होते, आणि त्या बाईंच्या ज्या अपमानासाठी मी इथे उभी राहिले होते त्याच्या तुलनेत तो किती लहान होता, हे कळूनही तो कमी होत नव्हता.

चहाच्या वेळी त्या माझ्यापासून थोड्या अंतरावर उभ्या होत्या. कार्यवाह बाईंनी त्यांच्यापुढे साखर घातलेल्या चहाचा ट्रे धरला. त्या क्षणभर थांबल्या. "बिनसाखरेचा नाही का?" त्यांनी विचारले. "मले साखर चालत नाही."

कार्यवाह बाईंनी मान वर करून पाहिले. "अय्या, तुम्हाला येतं की मराठी. आणि बोलता अगदी बाईंच्या गोष्टीतल्या बाईसारख्या."

मी कप खाली ठेवला. त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "आमच्याकडं सारेच असे बोलतात," त्या म्हणाल्या. "बाईनं कुठंतरी ऐकलं असेल."

"असेल बाई," असे म्हणून कार्यवाह बाई ट्रे घेऊन पुढे गेल्या.

तेवढ्यात त्यांचे पती माझ्याजवळ आले. हसरा, मोकळा माणूस. "मॅडम, गोष्ट रचली असली तरी फार छान रचली होती. मी घरी दोनदा सांगितली. पण मला एक शंका आहे. पाटली आणि तोडा, यात खरंच फरक काय असतो हो?"

शंका विचारणाऱ्याला मी कधी विन्मुख पाठवले नाही. उत्तर अगदी सोपे होते. हात पुढे करून दाखवता आले असते, आणि मग त्यांनी साहजिकच वळून पत्नीच्या हाताकडे पाहिले असते. त्या चार पावलांवर उभ्या होत्या आणि आता प्रथमच माझ्याकडे पाहत होत्या.

"मला नीट सांगता येणार नाही," मी म्हणाले.

"तुम्हालाच नाही? एवढं सोन्यावर बोललात की."

"हो. पण हे मला माहीत नाही."

ते मनापासून हसले. "मग मला कोण सांगणार?"

त्या पुढे आल्या आणि त्यांच्या हातात चहाचा कप दिला. "घ्या," त्या म्हणाल्या. "थंडा होऊन राहिला."